प्रेसला फाइल पाठवताय? आधी हे वाचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिका, दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड, मंडळाचा अहवाल, दिवाळी अंकातली जाहिरात, स्वतःच्या कवितांचं पहिलं पुस्तक, काम कुठलंही असो, प्रश्न साधारण तेच येतात. प्रेसमधला माणूस तुमच्या फाइलमध्ये जे आहे तेच छापतो, त्याला तुमच्या मनातलं दिसत नाही, आणि सीझनमध्ये तर त्याला फाइल उघडून नीट बघायलाही वेळ नसतो. म्हणून फाइल आपल्याकडूनच स्वच्छ जायला हवी. मराठी मजकुराचा भाग खाली जरा लांबलाय, तो मुद्दाम, कारण इंग्रजी व्हिडिओत बाकी सगळं सांगतात पण हे सांगत नाहीत आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

स्क्रीनवर रंग एकदम भारी दिसतो आणि छापून आल्यावर मळकट, असं का?

स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, लाल हिरवा निळा, म्हणजे आरजीबी. मशीनवर कागदावर शाई लागते, सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक, म्हणजे सीएमवायके. स्क्रीनवरचे बरेच झगझगीत रंग या चार शायांतून बनतच नाहीत, त्यामुळे पोपटी, निऑन गुलाबी, चकचकीत निळा हे सगळे थोडे फिके पडतात. हे कुणी टाळू शकत नाही, पण आधी बघून घेऊ शकतो. फाइल सुरुवातीपासूनच सीएमवायकेमध्ये करा म्हणजे जो रंग मिळणारच नाही त्याच्या प्रेमात पडायची वेळ येत नाही. आरजीबीत डिझाइन करून, क्लायंटला मोबाइलवर दाखवून, ओके घेऊन मग शेवटी कन्व्हर्ट केलं की भांडण ठरलेलं. आणि मोबाइलचा ब्राइटनेस फुल ठेवून रंग कधी पास करू नका, कागद मागून उजेड फेकत नाही.

निळा जांभळा का होतो? भगवा विटकरी का येतो?

निळ्यात सायन १०० आणि मॅजेंटाही १०० ठेवला की कागदावर तो जांभळाच दिसणार. दोन्हीत किमान ३० टक्क्यांचा फरक ठेवा, सायन १०० आणि मॅजेंटा ५०-६० च्या आसपास घेतलात की निळा निळा राहतो. भगव्याला मॅजेंटा ६० ते ६५ आणि यलो १००, बाकी सायन ब्लॅक पूर्ण शून्य. आरजीबीतून कन्व्हर्ट करताना त्यात सायनचे चार-पाच टक्के घुसतात आणि तेवढ्यानेच भगवा मळतो, म्हणून आकडे हाताने टाका. कुंकवाच्या लालला मॅजेंटा १०० यलो १००, गडद हवा असेल तर ब्लॅक १० टाका, सायन नको.

सोनेरी रंगाचं विचाराल तर तो चार शायांतून येत नाही. पिवळसर तपकिरी ग्रेडियंट स्क्रीनवर सोन्यासारखा दिसतो, पत्रिकेवर तो मोहरीसारखा येतो. खरं सोनेरी हवं असेल तर गोल्ड फॉइल किंवा मेटॅलिक शाई (पॅन्टोन या तयार शायांच्या क्रमांकांत ८७१ हा सोनेरी, ८७७ चंदेरी), आणि त्याचा खर्च वेगळा, हे आधीच धरून चाला.

काळा तर काळाच असतो ना?

नाही हो, इथेच बरेच जण फसतात. मजकुराचा काळा म्हणजे फक्त ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य. फोटोशॉप किंवा वर्डमधून आलेला काळा बहुतेक वेळा चारही शायांचा असतो, आणि चार प्लेट्स (प्रत्येक शाईची एक) केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी बारीक अक्षराच्या कडेला लाल-निळी सावली दिसते, वाचताना डोळे दुखतात. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, त्यामुळे हा त्रास रोमनपेक्षा जास्त जाणवतो.

मोठं काळं बॅकग्राउंड असेल तर मात्र नुसता ब्लॅक १०० राखाडी वाटतो. तिथे सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३०, ब्लॅक १०० असा भरीव काळा वापरा. चारही १०० करू नका, ४०० टक्के शाई वाळतच नाही, मागच्या पानावर डाग उठतात. आर्ट पेपरवर (लेप दिलेला गुळगुळीत कागद) एकूण शाई ३०० टक्क्यांपर्यंत आणि मॅपलिथो (बिनलेपाचा साधा कागद) किंवा न्यूजप्रिंटवर २४०-२६० पर्यंत ठेवली की काम सुखरूप होतं. प्रेसवाल्याचा वेगळा आकडा असेल तर त्याचाच धरा, मशीन त्याची आहे.

ब्लीड म्हणजे नक्की काय आणि ते का मागतात?

कागदाचा गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो, शेकडो कागद एकदम, आणि पातं खाली येताना थोडं सरकतं. तुमचा रंग बरोबर कडेपर्यंतच असेल तर काही कार्डांवर पांढरी रेघ दिसणार. म्हणून रंग आणि फोटो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त बाहेर काढायचा, त्याला ब्लीड म्हणतात. ९० बाय ५५ मिलिमीटरचं कार्ड असेल तर फाइल ९६ बाय ६१ ची झाली. आणि आतल्या बाजूलाही नाव, फोन नंबर, लोगो कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. कडेलगत बारीक बॉर्डर शक्यतो नकोच, कटिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तरी ती एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक दिसते आणि अख्खं कार्ड वाकडं वाटतं.

तयार डिझाइन ताणून मोठं केलं म्हणजे ब्लीड झालं असं समजू नका, त्यात मजकूरही कडेकडे सरकतो. फक्त बॅकग्राउंड वाढवा.

३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पाहिजे म्हणतात. फोटोशॉपमध्ये ७२ चं ३०० केलं की झालं?

नाही होत. आकडा बदलला तरी फोटोत नसलेला तपशील कुठून येणार? बघायचं असतं ते पिक्सेलमध्ये. ए-४ पानभर फोटो हवा तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो, म्हणजे ३०० ने छापला तर जेमतेम सव्वापाच इंच. अहवालात छोट्या चौकटीत चालून जाईल, मुखपृष्ठाला नाही चालणार.

कार्यकर्त्यांना, नातेवाइकांना सरळ सांगा की फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका, तसा तो मूळ आकारात येतो. फेसबुकवरून सेव्ह केलेला, किंवा दुसऱ्याच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट, हे छापायचे फोटो नव्हेत. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत हे फार वेळा होतं, घरच्यांकडे एकच फोटो असतो आणि तोही फ्रेममधला काच न काढता मोबाइलने काढलेला. अशा वेळी फ्रेम उघडून मूळ फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि घरात तो अंक वर्षानुवर्षं जपला जाणार असतो, तेव्हा एवढी मेहनत घ्यायलाच हवी.

लोगो मात्र फोटो स्वरूपात घेऊच नका, व्हेक्टर फाइल (रेषांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी न फुटणारी) मागा. नसेल तर कोरलड्रॉ (कोरल) किंवा इलस्ट्रेटरमध्ये एकदा नीट ट्रेस करून ठेवा, पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल.

मराठी मजकूर पेस्ट केला की जोडाक्षरं का तुटतात?

अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मांडणारं जे इंजिन मुळात चालू असतं ते रोमन लिपीसाठीचं असतं. त्याला देवनागरीचे नियम माहीत नसतात, म्हणून "किती" मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते, "प्रश्न" चा पाय मोडलेला दिसतो, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर निवडा, आणि दर वेळी विसरायला नको म्हणून पॅरेग्राफ स्टाइलमध्येच टाकून ठेवा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक ऑप्शन्स दाखवा असं एक खूण करायचं खोकं आहे, ते चालू केलं की तोच कंपोझर मिळतो. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडून नवीन फाइल उघडावी लागते.

पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड (मोबाइल-वेबवर चालतं ते मराठी टायपिंग) समजत नाही, कधीच समजलं नाही, त्यामुळे तिथे युनिकोड मजकूर टाकायचा प्रयत्नच करू नका.

सगळं सेटिंग बरोबर आहे तरी "दुसऱ्या" चं "दुसर्या" झालं. हे काय प्रकरण आहे?

हे मराठीचं खास दुखणं आहे. "दुसऱ्या", "तऱ्हा", "वऱ्हाड", "सुऱ्या" यातला तो आडवा र लिहायला युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेत र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, दुसरीत नुक्ता असलेला ऱ वापरतात. पहिल्या वाटेने टाइप केलेला मजकूर ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेल, पीडीएफ असा फिरत आला की ते न दिसणारं चिन्ह कधीकधी मध्येच गळून पडतं, आणि मग आडव्या र च्या जागी रफार येतो. स्पेलचेक हे पकडेलच असं नाही, आणि घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यालाही ते निसटतं, कारण शब्द ओळखीचा असतो. "वऱ्हाडी मंडळींची व्यवस्था" ही ओळ पत्रिकेत "वर्हाडी" अशी छापली गेली तर मुलीकडच्यांना ते वाचून काय वाटेल विचार करा.

उपाय एकच खात्रीचा. मजकूर लावून झाला की फाइंडमध्ये "र्य" आणि "र्ह" शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघा. "सूर्य", "कार्य", "आचार्य", "गर्हणीय" बरोबर आहेत, "दुसर्या", "पायर्या", "गोर्हा" चूक आहेत. सरसकट रिप्लेस ऑल मारू नका, नाहीतर सूर्याचाच सूऱ्य होईल. शंभर पानांच्या पुस्तकाला अर्धा-पाऊण तास लागतो, पण तो द्या.

प्रेसवाला म्हणतो श्रीलिपीत द्या, माझ्याकडे युनिकोड आहे. मग?

पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचं श्रीलिपी आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलं आणि अजून वापरतात, त्यातले फॉन्ट छापायला सुंदर आहेत. पण जुने श्रीलिपी फॉन्ट युनिकोड नाहीत, तिथे रोमन अक्षरांच्या जागेवरच देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे अख्खं पान अर्थहीन रोमन अक्षरांचं दिसतं. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो इतकंच.

युनिकोडमधून श्रीलिपीत आणि उलट नेणारे कन्व्हर्टर मिळतात, काम होतं, पण रफार, ऋकार, "द्व" "द्ध" "ह्म" सारखी जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि आकडे हमखास बिघडतात. त्यामुळे कन्व्हर्ट केलेला मजकूर म्हणजे नवीन मजकूर असं धरून पहिल्या ओळीपासून परत प्रूफ वाचायचं. आधी वाचलंय म्हणून सोडलं की संपलं. आणि माझं ठाम मत विचाराल तर आता नवीन पुस्तक युनिकोडमध्येच करा, पुढे ई-बुक करायचं असेल, वेबसाइटवर टाकायचं असेल, दुसरी आवृत्ती काढायची असेल तर मजकूर तुमच्या हातात राहतो. मुक्ता, बलू असे मुंबईच्या एक टाइपने केलेले चांगले फॉन्ट फुकट मिळतात.

मराठी वळणाचे ल आणि श का येत नाहीत?

फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर ल आणि श हिंदीतले येतात. विंडोजसोबत येणाऱ्या मंगलमध्ये तसंच दिसतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात पण मजकुराची भाषा "मराठी" निवडल्याशिवाय आपली वळणं येत नाहीत, म्हणून कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा तपासा. तिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवरचा फॉन्ट खास मराठीसाठीच आहे, पुस्तकाच्या मजकुराला शोभतो.

फॉन्ट कर्व्ह करून द्या म्हणतात, ते काय?

अक्षरांचं चित्रात रूपांतर करणं, म्हणजे प्रेसकडे फॉन्ट नसला तरी फरक पडत नाही. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. करायच्या आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा, कर्व्ह केलेल्या मजकुरातली चूक नंतर टाइप करून सुधारता येत नाही.

देवनागरीत इथे एक गोष्ट जवळून बघायची असते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, म्हणून आपल्याला ती सलग दिसते. कर्व्ह करून मोठ्या हेडिंगला बाहेरून पांढरी आउटलाइन दिली की ती आउटलाइन प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेला कापते आणि "शुभविवाह" चे तुकडे तुकडे दिसतात. अक्षर थोडं पारदर्शक केलं तर सांध्यावर गडद ठिपके येतात. म्हणून कर्व्ह केल्यावर आख्खा शब्द निवडून कोरलमध्ये वेल्ड करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट, आणि मग आउटलाइन द्या. पान ४०० टक्के झूम करून शिरोरेषेवरून एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवा, अनुस्वार आणि चंद्रबिंदी जागेवर आहेत ना तेही बघा.

पुस्तकाचा दोनशे पानांचा मजकूर कर्व्ह करायची गरज नाही, तिथे पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाले की पुरे.

अक्षर किती लहान चालेल?

रोमन ६ पॉइंटला वाचता येतं, देवनागरी नाही. ८ च्या खाली जाऊ नका, पुस्तकाला तर ११-१२ पॉइंट पाहिजेच, ज्येष्ठ वाचक असतील तर १३. गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर फॉन्ट थोडा जाड घ्या, शाई पसरून मात्रा बुजतात. रेघा पाव पॉइंटपेक्षा बारीक नकोत.

फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायची? जेपीजी चालेल का?

पीडीएफ द्या. प्रेससाठीचं पीडीएफ/एक्स-१ए हे सगळ्यात निर्धास्त, त्यात आरजीबी चालत नाही आणि पारदर्शकता सपाट होऊन जाते, त्यामुळे जुन्या मशीनवरही दगा होत नाही. नवीन सेटअप असेल तर एक्स-४ उत्तम. जेपीजीत मजकूर पिक्सेल होतो, कडा फुटतात, तो फक्त फोटोसाठी.

कोरलची फाइलच हवी असं बरेच प्रेसवाले म्हणतात कारण त्यांना एका शीटवर कार्डं मांडायची असतात. मग त्यांच्याकडे कुठलं व्हर्जन आहे ते विचारून त्या व्हर्जनमध्ये सेव्ह करा, जुन्यात नवीन फाइल उघडत नाही. सावली, ग्लो, पारदर्शक इफेक्ट असतील तर ते ३०० डीपीआयला बिटमॅप करून टाका, नाहीतर प्लेटवर त्यांच्याभोवती चौकोनी डबा उमटतो. आणि कोरलची फाइल दिली तरी सोबत पीडीएफ द्याच, मूळ डिझाइन कसं दिसायला हवं ते त्यांना कळायला.

कॅनव्हामध्ये केलेलं चालेल?

चालतं. पीडीएफ प्रिंट निवडा, क्रॉप मार्क्स आणि ब्लीड चालू करा. सीएमवायके पर्याय पैसे भरलेल्या अकाउंटलाच मिळतो, फुकटवाल्याने आरजीबी पीडीएफ द्यावी आणि प्रेसला कन्व्हर्ट करायला सांगावं. फ्लॅटन पीडीएफ करू नका, अक्षरं चित्र होतात.

पांढरा लोगो छापलाच गेला नाही, असं कसं झालं?

तो ओव्हरप्रिंटवर होता, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापायची खूण होती. काळ्या मजकुराला ओव्हरप्रिंट देतात ते योग्यच आहे, पण तोच लोगो नंतर पांढरा केला आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली की मशीन म्हणते पांढरी शाई तर नाही, मग खालचा रंग सलग छापून टाकते. स्क्रीनवर लोगो दिसत असतो. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा, एकेक प्लेट बंद-चालू करून बघा, काय गायब होतंय ते लगेच कळतं. काळा मजकूर फक्त ब्लॅक प्लेटवर आहे का हेही तिथेच दिसतं.

पुस्तक वर्डमध्ये आहे, तेच दिलं तर?

वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते. डेमी साइज म्हणजे ५.५ बाय ८.५ इंच पान आधीच सेट करून मांडणी करा आणि पीडीएफ द्या. जमत असेल तर इनडिझाइनवाल्याकडून लावून घ्या, कवितासंग्रहाला तर नक्कीच, ओळ कुठे मोडते यावर कविता उभी राहते.

सेंटर पिन बाइंडिंगला (मधोमध दुमडून पिना मारतात ते) पानसंख्या चारच्या पटीत पाहिजे, परफेक्ट बाइंडिंगच्या (कण्याला गोंदाने चिकटवलेल्या) पुस्तकाला आठ किंवा सोळाच्या पटीत ठेवली तर कागद वाया जात नाही. ९८ पानं झाली असतील तर ९६ त बसवा, तेवढं संपादन कुठल्याही पुस्तकाला सोसतं. जाड सेंटर पिन अंकात मधली पानं बाहेर ढकलली जातात आणि ट्रिमिंगमध्ये जास्त कापली जातात, म्हणून पृष्ठ क्रमांक कडेला चिकटवू नका. परफेक्ट बाइंडिंगमध्ये आतला मार्जिन २० मिलिमीटर तरी सोडा, पुस्तक फाडून उघडायला नको.

कण्याची जाडी अंदाजाने ठरवू नका. ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोवर २०० पानं म्हणजे १०० कागद, साधारण ९ मिलिमीटर होतात, पण कागद बल्की असेल तर हाच आकडा बराच वाढतो. प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी मागा, मोजा, मग मुखपृष्ठ करा.

ए-४ चं ट्रायफोल्ड पत्रक करताना तीन समान भाग करायचे?

आत दुमडला जाणारा भाग थोडा लहान. १००, १०० आणि ९७ मिलिमीटर. मागच्या बाजूला क्रम उलटा होतो हे विसरू नका.

फॉइल, स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच चकचकीत लेप), डाय कटिंगसाठी (वेगळ्या आकारात कापणं) काय द्यायचं?

प्रत्येकाला वेगळा लेयर, व्हेक्टरमध्ये, एका स्पॉट कलरने (चार शायांबाहेरचा वेगळा रंग) १०० टक्के भरलेला आणि ओव्हरप्रिंटवर. लेयरला नाव "फॉइल", "डाय" असं स्पष्ट द्या. गणपतीच्या बारीक रेषांवर फॉइल नीट बसत नाही, रेघ अर्धा मिलिमीटरपेक्षा जाड ठेवा.

यूपीआयचा क्यूआर कार्डवर टाकायचाय

व्हेक्टर किंवा मोठा पीएनजी घ्या, स्क्रीनशॉट नको. २ सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका, भोवती पांढरी जागा सोडा, फक्त ब्लॅक प्लेटवर ठेवा. प्रूफच्या कागदावरून दोन वेगळ्या मोबाइलने स्कॅन करून बघा आणि नाव बरोबर येतंय का वाचा.

फ्लेक्सला पण ३०० डीपीआय?

नको, फाइल उघडणारच नाही. पूर्ण साइजला ७२ ते १०० पुरे, लांबून बघतात. १० फुटी बॅनर ७२ ने ८६४० पिक्सेल होतो. फ्रेमवर ठोकायचा असेल तर चारही बाजूंनी ३-४ इंच रिकामा रंग जास्त द्या, आयलेट (दोरी बांधायच्या कड्या) लावणार असाल तर कडेच्या २ इंचांत कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. आणि महापालिकेची परवानगी घेतलीत तर परवाना क्रमांक फ्लेक्सवर टाकायला जागा ठेवा.

पावती पुस्तकाचे नंबर फाइलमध्ये टाकायचे का?

ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून, छापणार असाल तर नाही. प्लेट एकच असते, त्यामुळे फाइलमध्ये ००१ टाकलं तर सगळ्या पावत्यांवर ००१ येणार. नंबरिंग मशीन वेगळी असते, तिच्यासाठी उजव्या कोपऱ्यात साधारण ३० बाय १० मिलिमीटर कोरी जागा सोडा, तिथे नक्षी नको. परफोरेशनची (फाडायच्या छिद्रांची) रेघ फाइलमध्ये वेगळ्या रंगाने दाखवा पण छापू नका असं लिहून कळवा. डुप्लिकेट हवी की ट्रिप्लिकेट, कार्बनलेस कागद की साधा, सुरुवातीचा नंबर कुठला, हे सगळं लिहून द्या, फोनवर सांगितलेलं गणपतीच्या गर्दीत लक्षात राहत नाही.

निवडणुकीचं पत्रक आहे, काही वेगळं?

हो, आणि हे हलक्यात घेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, नसेल तर शिक्षा होऊ शकते, छापणाऱ्यालाही. प्रकाशकाला दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाला द्यावं लागतं. डिझाइन करतानाच खाली ती ओळ धरा.

प्रूफ कसं बघायचं?

कागदावर. डिजिटल प्रिंट काढा, कटिंगच्या मापाला कापा, दुमडा, हातात घ्या. डिजिटल प्रूफचा रंग ऑफसेटशी तंतोतंत जुळत नाही, फक्त मांडणी आणि मजकूर त्यावर पास करा, रंग महत्त्वाचा असेल तर पहिल्या शीट्स निघताना मशीनवर जाऊन उभे राहा, चांगले मशीनमन याचं वाईट मानत नाहीत.

मजकूर फायनल पीडीएफमधूनच वाचायचा, वर्डमधून नाही, कारण अक्षरं मध्येच कुठेतरी मोडलेली असतात. पत्रिकेत आधी वार, तारीख आणि तिथी कॅलेंडर समोर ठेवून जुळवा, मग मुहूर्ताची वेळ, मग कार्यालयाचा पत्ता, मग नावं. नावं दोन्ही घरच्या एकेका मोठ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. "सौ. का." की "चि. सौ. कां.", आजी-आजोबांचं नाव आधी की नंतर, हे त्यांनाच माहीत असतं. फोन नंबरवर प्रत्यक्ष फोन लावून बघा. हे सगळं झाल्यावर प्रूफवर सही आणि तारीख घ्या.

किती प्रती असतील तर ऑफसेट?

साधारण पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडायला लागतं, त्याखाली डिजिटल. शंभर प्रतींचा कवितासंग्रह डिजिटलवर छापण्यात कमीपणा काही नाही, घरात गठ्ठे पडून राहण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. डिजिटल बहुतेक १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचांच्या शीटवर होतं, त्यात तुमचं डिझाइन किती वेळा बसतं ते विचारून माप ठरवलंत तर पैसे वाचतात. दिवाळी अंकांचे आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांचे दिवस असतील तर फाइल निदान पंधरा दिवस आधी द्या.

छापून झालं आणि चूक सापडली, आता?

लगेच फोन करा, बाइंडिंग थांबवा. पुस्तकात चूक एका फॉर्ममध्ये असते, तेवढाच सोळा पानांचा फॉर्म पुन्हा छापता येतो, बाकी कागद वाचतो. बाइंडिंग होऊन गेलं असेल तर शुद्धिपत्राचा छोटा कागद पहिल्या पानाला चिकटवा. पत्रिकेत वेळ किंवा तारीख चुकली असेल तर स्टिकर लावू नका, कुणीतरी जुनीच वाचून चुकीच्या दिवशी पोचतं, पुन्हा छापा. चूक तुमच्या सही केलेल्या प्रूफमध्ये होती की प्रेसकडे गेल्यावर झाली ते आधी शांतपणे तपासा. सही केलेली प्रत तुमच्याकडे असेल तर खर्च कुणी उचलायचा ते पाच मिनिटांत ठरतं.